घेणेकऱ्यांच्या यादीत आक्का

त्याला सगळी गल्ली खुर्चीमामा म्हणायची. खुर्च्या, सोफे, गाड्यांच्या सीटा, जे जे माणसांना बसवून बसवून थकलं, ते त्याच्या दुकानात येऊन उताणं पडे. मामा आधी जुनं कापड सोलायचा. मग आतला काथ्या, वाकलेल्या स्प्रिंगा, कुणाची हरवलेली कंगवी, लेकराचा बिल्ला, असं सगळं बाहेर निघे. सापडलेली वस्तू तो कागदात गुंडाळून मालकाला परत देई. त्या कामाचे पैसे मात्र मागायला विसरे.

बारीक खिळे तो ओठांत धरायचा. एकेक जिभेने पुढे सरकवायचा आणि हातोडीने टिपायचा. त्यामुळे काम चालू असताना गिऱ्हाइकाला उत्तर मिळे ते नुसतं हुंकारात.

"परवापर्यंत होईल ना, मामा?"

"हूं."

"जरा कमी कराल ना?"

"हूं."

बायको म्हणायची, "तुमचं निम्मं दिवाळं या खिळ्यांनी काढलंय."

उरलेलं निम्मं एका नाट्यगृहाने काढलं. तिथल्या मालकाने सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायचं काम मामाला दिलं. मामाने फोमवाल्या शेठकडून माल उधार उचलला, कापडवाल्याकडून कापड उचललं, बँकेचं कर्ज काढून शिलाईची मोठी मशीन आणली. निम्म्या खुर्च्या झाल्या आणि मालक नाट्यगृहाला कुलूप लावून गाव सोडून गेला. मग मामा याची टोपी त्याला आणि त्याची टोपी याला घालत राहिला, आणि होता होता स्वतःच बोडका झाला. त्या दिवसांत थोरली बहीण, आक्का, शिवणकामातून साठवलेले पैसे घेऊन आली. मामाने मागितले नव्हते. तिनेही कधी परत मागितले नाहीत.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक सल्लागार बाई बसायच्या. कर्जात बुडालेल्यांना वाट दाखवायची, हेच त्यांचं काम. बायकोने मामाला पुढे घालून तिथे नेलं.

"सरळ सांगा बाई," मामा खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला, "मी दिवाळखोर आहे की नाही?"

"अजून नाही. व्हायचं का, ते तुम्ही ठरवायचं," बाई म्हणाल्या. "एक वाट कोर्टाची. नादारी जाहीर करायची. कोर्टाचा अधिकारी येतो, विकण्यासारखं असेल ते विकतो आणि सगळ्यांना वाटतो. अंथरूण-पांघरूण, भांडी, हातोडी-कात्री तुमच्याकडे राहील. दुकान आणि मोठी मशीन जाईल."

मामाने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे.

"दुसरी वाट कराराची. सगळ्या घेणेकऱ्यांना इथे बसवू. घरखर्च भागून जे उरेल ते दरमहा माझ्याकडे भरायचं. मी ते ज्याच्या त्याच्या हिश्श्याने वाटेन. ठरलेली वर्षं नीट भरलंत, की राहिलेलं देणं माफ. दुकान चालू राहील. पण ज्यांचं येणं मोठं, त्यांनी हो म्हटलं तरच."

"म्हणजे फोमवाले शेठ," बायको म्हणाली.

"त्यांच्याशिवाय होणार नाही. आणि मामा, आजपासून कुणा एकट्याला वेगळं काही द्यायचं नाही. यादी करा. सगळी नावं हवीत."

"बहिणीचंही?"

"बहिणीचंही."

मामाने नावं सांगितली, बाईंनी रकमेच्या क्रमाने लावली. जाताना मामा "हूं" म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात एका खाणावळीच्या खुर्च्या पुऱ्या झाल्या आणि मालकाने रोख पैसे हातावर ठेवले. मामा ती नोटांची जुडी हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसला. शेठ दर चार दिवसांनी ओरडून जात, कापडवाला टोमणे मारून जाई, बँकेचा माणूस फोन करी. त्यांचं कर्ज अंगावर पडून पडून मामाच्या सवयीचं झालं होतं. आक्काचं कर्ज मात्र मुकं होतं. ती यायची, चहा प्यायची, पोरांचे केस विंचरायची आणि जायची. तेच जास्त टोचे. मामा उठला, आक्काच्या घरी गेला आणि सगळे पैसे तिच्या हातात देऊन आला. परतताना त्याची चाल अशी हलकी, जणू कुणी पायांत नव्या स्प्रिंगा घातल्यात.

बाईंकडे गेल्यावर त्याने ही गोष्ट छाती फुगवून सांगितली. "बाई, एक तरी कर्ज मुळापासून फेडलं."

बाईंनी चष्मा काढला. "कुणाचं?"

"बहिणीचं."

"परत आणा."

"काय?"

"पैसे. तुमच्या हातात आलेला पैसा आता सगळ्यांचा आहे, मामा. बहिणीला पूर्ण आणि बाकीच्यांना चणे-फुटाणे असं दिसलं, तर शेठ म्हणतील, याने घरच्यांची सोय केली. ते उठून जातील, करार तिथेच मोडेल. मग कोर्टाचा अधिकारी तुमच्या बहिणीच्या दारात उभा राहील आणि तेच पैसे मागेल."

त्या शेवटच्या वाक्याने मामाच्या पायांतल्या स्प्रिंगा बसल्या.

आक्का खिडकीपाशी मशीनवर कॉलर उलटवत होती. दाजी वर्तमानपत्र वाचत होते. मामा बसला, उठला, स्टुलाचा हलता पाय तपासून पुन्हा बसला.

"आक्का, ते पैसे."

"मिळाले की. एक नोट फाटकी होती, ती मी खपवली."

"परत हवेत."

मशीन थांबली. दाजींचं वर्तमानपत्र खाली आलं.

"पुन्हा उसने?" आक्काने विचारलं.

"उसने नाहीत. परत." आणि मामाने सगळं सांगितलं, बैठकीपासून कोर्टाच्या अधिकाऱ्यापर्यंत.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी तुझ्या यादीत आहे?"

"आहेस."

"कितवी?"

"शेठच्या खाली. बँकेच्या खाली. कापडवाल्याच्याही खाली."

"लहानपणी तुझं नाक कुणी पुसलं? कापडवाल्याने?"

"यादी रकमेप्रमाणे लावलीय, आक्का."

"मग रक्कम वाढवून सांगायची होतीस."

दाजी वर्तमानपत्राआड हसले. आक्का हसली नाही. "त्या पैशांचा मी नव्या मशीनला बयाणा दिलाय. हे धूड आता पाय दुखवतं माझे."

मामाची मान खाली गेली.

"असं कर," ती म्हणाली, "माझं नाव खोडून टाक. समज, मी कधी दिलेच नव्हते."

"खोडणार नाही. तू दिलेस म्हणून माझी चूल पेटली. ते दिलेच नव्हते म्हटलं, तर मग मी काय खाल्लं?"

यावर आक्काने मशीन पुन्हा सुरू केली. "जा आता. मला विचार करू दे."

मामा रिकाम्या हातांनी घरी आला.

बैठकीच्या दिवशी मागच्या खोलीत बँकेचा साहेब, कापडवाला आणि फोमवाले शेठ बसले. बाईंनी तोंड उघडायच्या आतच शेठ म्हणाले, "मामा, तुमच्या बहिणीचं कर्ज फिटलं, असं ऐकलं. आम्ही काय सावत्र?"

मामा उभा राहिला. नाही म्हटलं असतं तर कुणाकडे पुरावा नव्हता. "खरं आहे, शेठ. दिले. मग चूक कळली, तशी परत मागायला गेलो. अजून आलेले नाहीत."

"परत मागितले? बहिणीकडून?" शेठ कापडवाल्याकडे बघून हसले. "कुणी मागतं का हो?"

"हा मागतो," दारातून आवाज आला.

आक्का आत आली. मागे दाजी. तिने शेठना सरकायला लावलं, बाकावर बसली आणि पिशवीतून पुडकं काढून बाईंसमोर ठेवलं. "मशीनवाला बयाणा सोडेना. त्याच्याशी भांडण्यात उशीर झाला. मोजून घ्या." मग शेजारी वळली. "तुम्हीच का ते फोमवाले? यादीत माझ्या वर कोण बसलंय, ते बघायचंच होतं."

बँकेच्या साहेबाने हसू दाबायला रुमाल काढला.

"तुम्ही नात्यातल्या आहात," बाई सौम्यपणे म्हणाल्या, "तुमचं मत मोजता येणार नाही."

"मत नसू दे, तोंड आहे ना. शेठ, हा माझा भाऊ गाढव आहे. पण तुमच्या पैशांसाठी त्याने सख्ख्या बहिणीपुढे हात पसरला, आणि माझं नाव खोड म्हटलं तर खोडलं नाही. असा माणूस तुम्हाला काय बुडवणार? त्याला धड बुडताही आलं नाही."

शेठ पुडक्याकडे बघत राहिले. "बाई, आता यांना किती मिळणार?"

"शंभरामागे जेवढे तुम्हाला, तेवढेच यांना."

"सख्ख्या बहिणीला आणि मला एकच माप?"

"एकच."

शेठनी गाल खाजवला. मामाने मनातल्या मनात मोठ्या मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं, कुणी मेल्यावर झाकावं तसं.

"यापुढे माल रोखीने न्यायचा," शेठ शेवटी म्हणाले. "उधारीचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

"मग आणा पेन."

त्यांच्या मागोमाग बँकेने आणि कापडवाल्यानेही सह्या केल्या. बायको मागच्या भिंतीशी उभी होती, ती खाली बसली.

महिना भरला आणि पहिला हप्ता वाटला गेला. आक्का वाटणीचे पैसे घेऊन थेट दुकानात आली. मामा सोफ्याच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"एवढ्यात दोऱ्याची रिळं येतात फक्त," ती म्हणाली.

"नव्या मशीनचं बघू आपण. करार संपला, की माफ झालेलं मी तुझं तुला वेगळं देईन."

"आणि शेठला?"

मामाने डोकं पुन्हा सोफ्यात घातलं.

"शेठला माफ, तर मलाही माफ. एका मापाने घेतलंय मी, सगळ्यांच्या देखत." तिने पैसे पिशवीत टाकले. "ऊठ, तुझी ती मोठी मशीन मोकळी कर. माझ्याकडे पडद्यांचं जाड काम आलंय. संध्याकाळी इथेच बसून शिवत जाईन. भाडं मागितलंस तर बघ."

मामाने मशीनवरचे फोमचे तुकडे झाडले आणि आक्कासाठी एक चांगली, भक्कम पाठीची खुर्ची ओढून आणली.