विहिरीचा नैवेद्य

आमच्या विभागप्रमुखांचा मला राग होता, अजूनही आहे. तासगावकडच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रॅक्टिकल संपलं की पारा, शिसं, आर्सेनिक असलेलं उरलंसुरलं पाणी एका बरणीत साठायचं आणि शनिवारी शिपाई ते मागच्या वापरात नसलेल्या विहिरीत ओतून यायचा. "विहिरीला नैवेद्य दाखवून ये रे," असं सर हसत सांगायचे. वेगळं साठवा, विहिरीला कुंपण घाला, निदान पाटी तरी लावा, म्हणून मी कितीदा भांडले! "पाटी लावली की लोक विचारतात," हे त्यांचं उत्तर. इतका निगरगट्ट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. म्हसवडकडची कुटुंबं खडी फोडायच्या कामावर आली आणि कॉलेजमागच्या माळावर उतरली. आसपासच्या विहिरी आटल्या होत्या, आमच्या विहिरीत मात्र तळाशी पाणी होतं. एका सकाळी त्यांच्यातल्या बायका कळश्या घेऊन तिथं आलेल्या दिसल्या. मी धावत जाऊन आडवी उभी राहिले.

"यात विष आहे. पोरं मरतील तुमची."

"आवं बाई, नितळ तर हाय पाणी," एक जण खेकसली. तिचं लुगडं धरून एक पोर उभं होतं. "आमास्नी द्यायचं न्हाई, तसं सांगा की!" तिनं मला बाजूला ढकललं आणि पोहरा सोडला.

आरडाओरडा ऐकून सर आले. तोवर तिची कळशी भरली होती. मी म्हटलं, "सर, आपण यात काय ओततो ते तुम्हीच सांगा यांना."

ते माझ्यावरच उखडले. "कॉलेजात विष कुठून येणार? या बाई उगाच घाबरवतात. न्या, पाणी न्या."

माझं डोकंच फिरलं. मी कळशी उचलून त्यांच्यापुढं धरली. "मग आधी तुम्ही प्या."

"आज माझा उपास आहे."

"उपासाला पाणी चालतंय की," ती म्हणाली.

सर मागं सरकले. तिनं माझ्या हातातली कळशी हिसकावली आणि त्यांच्या बुटांवर उपडी केली. मला इतकं बरं वाटलं की मी हसले. तशी ती माझ्याकडं वळली.

"हसताय काय? विष हाय, कळलं. मग पाणी कुठं हाय, ते सांगा."

पोर रिकाम्या कळशीत हात घालून रडत होतं.