वाटणीतली आजी

स्नेहलने वर्षभराची सगळी सोय लावून ठेवली होती, अगदी ठाकठीक. आरोही यंदा पहिलीत, शाळा साडेबाराला सुटणार. स्नेहल पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. तिथं घड्याळ बघून कुणी घरी जात नाही, माल गाडीत चढला की सुट्टी. नवरा दीपक सातपूरच्या कारखान्यात, आठवड्याला शिफ्ट बदलणारा. म्हणजे पोरीला आणायचं कोणी, हा प्रश्न आला बाईच्याच गळ्यात. येणारच, जाणार कुठं?

तर जूनपासून शेजारच्या मैनाताई सांभाळणार होत्या. पंचवीस ऑक्टोबरला त्या लेकीच्या बाळंतपणाला देवळाली कॅम्पला जाणार, आणि तोवर दिवाळी होऊन सासूबाई येणार. वत्सलाबाईंची दोन मुलांत वाटणीच झालेली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ते दिवाळी नामपूरला धाकट्याकडे, भाऊबीज झाली की पुन्हा आखाजीपर्यंत स्नेहलकडे. सहा वर्षांपूर्वी एकदा चार दिवस मागेपुढे झाले, तर दोघा भावांनी वर्षभर अबोला धरला. तेव्हापासून एका दिवसाचाही फरक नाही.

या भरवशावर स्नेहलने मॅनेजर यादव साहेबांना शब्द दिला, एक नोव्हेंबरपासून सुपरवायझर म्हणून येते. आठ वर्षं उभ्याने घड साफ केल्यावर कुठं ही कायमची नोकरी समोर आली होती.

मग शाळेचा फॉर्म आला. मुलीला न्यायला कोण येणार, कधीपासून कधीपर्यंत, सोबत फोटो. तारीख लिहायला तिने भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं आणि पेन खाली ठेवलं. भाऊबीज अकरा नोव्हेंबरला. यंदा अधिक महिना, सगळे सण लांबलेले. अहो, दीपक आठच दिवसांपूर्वी सासुरवाडीला धोंड्याचं जेवण जेवून, अनारसे चापून, चांदीची वाटी घेऊन आला होता. तरी दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. हिने आपली गेल्या सालची दिवाळी धरलेली.

अडीच आठवडे उघडे पडले. मैनाताई म्हणाल्या, "बाळ काय तारीख पुढं ढकलतंय का गं?" यादव साहेब म्हणाले, "बागलाणचा पहिला माल एक तारखेला येणार. तुम्ही नसाल तर मला दुसरी बघावी लागेल." दीपक म्हणाला, "बघ काहीतरी." एवढं मात्र त्याला छान जमतं.

शेवटी तिने नामपूरला फोन लावला. "आई, यंदा पंधरा-वीस दिवस आधी याल का? जाऊबाईंना मी समजावते."



"तुम्ही दोघी समजून घ्याल, पण ते दोघं भाऊ भांडतील," वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मला कुठं राहायचं हाय, ते वाटणी करताना कुणी इचारलं नाय."

स्नेहल ओशाळली. खरंच की, हे तिच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. "तुम्हाला कुठं राहायचंय, आई?"

"आता इचारतेस, ते आरोहीसाठीच ना?"

नाही म्हणायला किती सोपं होतं. पण फॉर्म समोर पडला होता, मैनाताईंनंतरचा रकाना कोरा होता आणि तो उद्या सकाळी शाळेत द्यायचा होता. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "तरी सांगा."