फारूख टेलर आणि शेवटचे सहा सेकंद

शहागंजातल्या फारूख मास्तरांकडे ब्लाउज टाकणाऱ्या बायकांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. मास्तर सांगितल्या दिवशी ब्लाउज देत नाहीत, आणि दिलाच तर तो आतून उलटून बघायचा नसतो. मागं गुलमंडीकडच्या एका वहिनींनी बघितला. अस्तरावर खडूनं पाच गोल, पाच फुल्या आणि त्यांच्यामधून वळवळत गेलेले बाण! जावेनं करणी केली अशी त्यांची खात्री पटली आणि दीड महिना दोघी एका घरात राहून बोलल्या नाहीत. शेवटी मास्तरच घरी गेले. म्हणाले, "ताई, करणी नाय हो ही. बास्केटबॉल हाय. एका धुण्यात जातंय."

तर मास्तरांना हा नाद. वय अठ्ठावन्न, उंची पाच फूट दोन इंच, तीही टोपी धरून. तरुणपणी त्यांना संघात घेतलं होतं ते पाणी द्यायला, असं त्यांची बायको शहजादी आजही चारचौघांत सांगते. मास्तर रागावत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की बाकावरून खेळ जसा दिसतो तसा मैदानात पळणाऱ्याला दिसत नाही. कोण कुठं उभं राहिलं म्हणजे कोण मोकळं होतं, हे गणित त्यांच्या डोक्यात बाकावर बसूनच शिरलं, आणि मग काही निघालं नाही.

गेली सात वर्षं ते नवतरुण मंडळाच्या मुलींना शिकवतात. चाल रचायची त्यांची तऱ्हा अशी: कापायच्या टेबलावर बटणं मांडायची. पांढरी म्हणजे आपल्या पोरी, काळी म्हणजे समोरच्या. बटणं सरकवत बसायचं. समोर बाई माप द्यायला ताटकळलेली असली तरी बसायचं. जमली की हाताला येईल त्या कापडावर खडूनं काढून ठेवायची. त्यांची सगळ्यात गाजलेली चाल म्हणजे 'काज'. दोन पोरी शेजारी-शेजारी उभ्या राहतात, मध्ये अंगापुरती फट ठेवून. अपेक्षा त्या फटीतून बटणासारखी निघते. ती गेली की दोघी फट मिटवतात, आणि तिच्यामागं धावणारी पोरगी या दोघींवर जाऊन धडकते. तोवर पलीकडं अपेक्षाच्या हातात बॉल आणि समोर मोकळी रिंग.

ही अपेक्षा पाचोडची, बारावीला मामाकडं राहिलेली. हात सोन्याचा, पण तोंडात जीभ आहे की नाही याची शंका यावी इतकी अबोल. मास्तरांना अशाच पोरी आवडत. त्यांचा नियमच होता, "खडू जिथं, पाय तिथं. कात्री विचार करायला लागली तर गिऱ्हाईकाच्या अंगावर काय बसंल?" एकदा मोनिकानं विचारलं होतं, "मास्तर, पण मी इकडनं गेले तर?" तिला दोन सामने बाकावर बसवलं. त्यानंतर सात पोरींत कुणी 'पण' म्हणालं नाही, आणि याचा मास्तरांना अभिमान होता.

मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव. त्यांनी यंदा पुण्याहून डिप्लोमा घेऊन आलेला विश्वजीत शोधून काढला. विश्वजीत त्यांच्या मेहुणीचा मुलगा, हा निव्वळ योगायोग आहे असं सर्जेराव सांगतात, कुणी विचारलेलं नसताना. पोराजवळ टॅबलेट, त्यात रंगीत बाण, गळ्यात परदेशी शिट्टी. सर्जेरावांच्या मनात टीम त्याला द्यायची होती. अडचण एकच, घरात चतुराबाई. त्यांनी नवऱ्याला बजावलं, "काढा मास्तरांना. आन् आपल्या पोराच्या, शिवमच्या लग्नातले माझे अकरा ब्लाउज मग तुम्ही शिवा."

तेव्हा सर्जेरावांनी राजकारण्याला शोभेल असा तोडगा काढला. शनिवारी सरावाला येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्या जिल्ह्याची फायनल. जिंकलो तर प्रश्नच मिटला. हरलो, तर का हरलो ते मी सोत्ता बघणार. पोरी चुकल्या तर खेळ हाय, चालायचंच. पण मास्तर, तुमची चाल चुकली, तर सोमवारपास्नं टीम विश्वजीतकडं."

"मंजूर," मास्तर म्हणाले. त्यांची चाल आजवर चुकलेली नव्हती. निदान त्यांना तसं वाटत होतं.

समोर लासूर स्टेशनचा संघ. त्यांच्यात अकरा नंबरची एक पोरगी होती, हात वर केले तर कावळा येऊन बसावा अशी उंच. ती रिंगची डावी बाजू धरून उभी राहायची आणि तिकडून कुणी फिरकायचं धाडस करत नव्हतं. बरं, लासूरकरांनी 'काज'ही पाठ करून आणली होती. दुसऱ्या अर्ध्यात दोनदा त्यांनी फट मिटायच्या आधीच आपली पोरगी पलीकडं नेऊन ठेवली. पहिल्या रांगेत विश्वजीत सर्जेरावांच्या कानाला लागला. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण सर्जेराव मान हलवत होते, आणि ती मान मास्तरांना बाकावरून स्पष्ट दिसत होती.

एक्केचाळीस-चाळीस. लासूर एकानं पुढं. बॉल त्यांच्याच पोरीच्या हाताला लागून रिंगच्या मागच्या रेषेबाहेर गेला, म्हणजे आता टाकायची पाळी मास्तरांच्या पोरींची. घड्याळात सहा सेकंद. मास्तरांनी शेवटचा टाइमआउट घेतला.

पोरी धापा टाकत गोळा झाल्या. मास्तर उकिडवे बसले, खिशातून अस्तराचा तुकडा काढून गुडघ्यावर ताणला. 'काज' आता चालणार नव्हती. टेबलावर कधी न मांडलेली, पोटातून आलेली एक चाल त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली: काज मांडायची, पण फसवायला. सगळ्या त्या फटीकडं बघतील, आणि अपेक्षानं फटीतून न जाता सरळ उजवीकडच्या मोकळ्या कोपऱ्यात पळायचं, उंच पोरीपासून लांब. मोनिकानं मागून बॉल तिथं टाकायचा. मास्तरांनी खडू कापडाला टेकवला. पस्तीस वर्षांची सवय, खडू धरला की हात स्वतःच चालतो.

"ह्या दोघी इथं. ही उंच पोरगी इथं अडकून राहनार. अपेक्षा, तू ह्या कोपऱ्यात. बॉल आला की मारायचा, बघायचं नाय कुनाकडं."

अपेक्षा कापडाकडं बघत होती. मग तिनं मान वर करून मैदानाकडं बघितलं, परत कापडाकडं. "मास्तर, ही अकरा नंबरवाली..."

"बेटी, टाइमआउटचे वीस सेकंद राह्यले. आत्ता विचारायचं नाय. खडू जिथं?"

"पाय तिथं," बाकीच्या पोरी म्हणाल्या. अपेक्षा अजून मैदानाकडंच बघत होती. शिट्टी झाली.

मोनिका रिंगच्या मागं बॉल घेऊन उभी राहिली. दोघींनी काज मांडली. लासूरच्या तिघी तिकडं धावल्या, अगदी मास्तरांना हव्या तशा. चाल लागली होती! अपेक्षा निघाली.

डावीकडं.

"अगं तिकडं कुठं!" मास्तर ओरडले. "बेटी! ये नक्को, उधर नक्को!"

पण बॉल सुटला होता. अपेक्षानं तो झेलला, वळली, आणि समोर अकरा नंबरची पोरगी हात वर करून उभी होती, जणू निमंत्रण दिल्यासारखी. अपेक्षानं तरीही मारला. चापट बसल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. बॉल प्रेक्षकांत जाऊन पडला आणि भोंगा वाजला.

पुढची पाच मिनिटं शहागंजातले लोक कसे असतात ते बघण्यासारखं होतं. ज्यांना बास्केटबॉलमध्ये किती खेळाडू असतात ते माहीत नाही, ते अपेक्षाला खेळ शिकवत होते. "डोळे हायेत का बटणं?" "सगळी बाजू मोकळी सोडून गेली मरायला!" तिचा मामा तर म्हणाला, उद्यापासून अभ्यास. अपेक्षा बाकाच्या टोकाला डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती.

सर्जेराव खाली उतरले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याच्या खालून सुटका डोकावत होती. "मास्तर, चाल मी बघितली. झकास होती. तिघी फसल्या. पोरगीच उलटी पळाली, तुमचा काय दोष? पोरी तुमच्याकडंच." मागं उभ्या विश्वजीतचा चेहरा पडला. सर्जेरावांना घरी जाता येणार होतं.

मास्तरांना आधार वाटला, आणि त्या पोरीचा राग आला. सात वर्षांत त्यांना असं कुणी बुडवलं नव्हतं. "थांबा, तुम्हाला दाखवतोच काय सांगितलं होतं ते," म्हणत त्यांनी खिशातून अस्तराचा तुकडा काढला, उलगडला आणि तसेच थांबले.

शिंपी कापडावर खूण करतो ती उलट्या बाजूनं, म्हणजे शिवून झाल्यावर खडू दिसत नाही. त्यामुळं अंगावर जी डावी बाजू येणार, ती कापताना उजवीकडं काढायची असते. हे इतकं हातात बसलेलं असतं की घाईत डोकं बाजूला राहतं आणि हात आपलं काम करतो. सरावात मास्तर सिमेंटवर चालत-चालत दाखवायचे, तिथं कधी घोटाळा झाला नाही. आज गुडघ्यावर कापड आलं, आणि हातानं सगळं मैदानच उलटं करून टाकलं. उंच पोरगी उजवीकडं. अपेक्षाचा बाण डावीकडं.

"बघू," सर्जेरावांनी हात पुढं केला.

खडूच तो. तळहाताचा एक फटका पुरे होता. मास्तरांचा हात कापडावर होताही. विश्वजीत बघत होता, मामा बघत होता. मास्तर सर्जेरावांकडं पाठ फिरवून बाकाच्या टोकाशी गेले.

"अपेक्षा. तुला दिसलं व्हतं?"

टॉवेल हलला. "व्हय. अकरा नंबर तुम्ही ह्या बाजूला काढली. ती तर तिकडं उभी राहती."

"मग गेलीस कशाला तिकडं?"

"तुम्ही म्हणलात, विचारायचं नाय."

तिच्या आवाजात टोमणा असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. नव्हता. त्यांनी सांगितलेलं ती सरळ त्यांना सांगत होती.

मास्तर परत फिरले आणि कापड सर्जेरावांच्या हातात दिलं. "पोरगी बरोबर पळाली. चाल माझी चुकली. उलटी काढली मी."

सर्जेरावांनी कापडाकडं बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि जवळ येऊन कुजबुजले, "मास्तर, झटका की ते फडकं. कुनाला काय कळतंय? चतुरा मला घरात घ्यायची नाय."

"अध्यक्षसाहेब," मास्तर इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाहेर चणे विकणाराही वळला, "टीम हरली ती माझ्यामुळं हरली. त्या पोरीला कुनी काय बोललं असंल तर शब्द मागं घ्या. मामा, तुम्ही पयले."

मामांनी शब्द मागं घेतले का? ते म्हणतात घेतले. त्यांची बायको म्हणते, घरी आल्यावर घेतले. सर्जेरावांना मात्र आपला शनिवारचा शब्द सगळ्यांसमोर गिळता येईना. टीम विश्वजीतकडं गेली. चतुराबाईंनी तीन दिवस स्वयंपाकाला हात लावला नाही, असं म्हणतात; सर्जेराव मिसळीच्या गाड्यावर सकाळ-संध्याकाळ दिसले, एवढं मात्र खरं.

सोमवारी मास्तर मैदानाच्या सामानाची किल्ली द्यायला गेले. दिली आणि निघाले, फाटकापर्यंत पोचले. मागं विश्वजीतनं पोरींना गोळा करून टॅबलेटवर नवी चाल दाखवली होती. निळे बाण, लाल बाण.

"सर," अपेक्षा म्हणाली. पोरींनी चमकून तिच्याकडं बघितलं. "सर, इथं मी गेले तर मोनिकाच्या अंगावर दोघी येतात. मग ती बॉल कुठनं टाकणार?"

पुण्याच्या डिप्लोम्यात या प्रसंगावर धडा नसावा. विश्वजीतचे कान लाल झाले. सगळ्या पोरी फाटकाकडं बघायला लागल्या. मास्तरांनी खिशातून सुपारी काढली आणि रस्त्यावरच्या एका रिक्षाचं फार बारकाईनं निरीक्षण केलं.

"मग तू कुठं जाशील?" विश्वजीतनं विचारलं.

अपेक्षानं बोटानं आपला गोल काचेवरून ओढत दुसरीकडं नेला. विश्वजीत बघत राहिला. "करून बघू," तो म्हणाला.

चाल पहिल्यांदा फसली. दुसऱ्यांदाही फसली, मोनिका आणि अपेक्षा एकमेकींवर आदळल्या आणि दोघींची भांडणं लागली, चांगली मोठ्यानं, 'पण' आणि 'मग' करत. दुकान उघडायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मास्तर फाटकाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते, तोंडातली सुपारी चावायची विसरून.

"अजून एकदा," अपेक्षा म्हणाली.