भिंतीवरचं उद्घाटन

लोणी काळभोरजवळ आमच्या नव्या कारखान्याचं बांधकाम चालू आहे. मी तिथे खरेदी बघतो. प्लॅनिंगच्या मॅडम विश्रांतवाडीहून येतात आणि टेबलाशीसुद्धा पिवळं सेफ्टी हेल्मेट घालूनच बसतात. "होऊन जाईल" हे शब्द त्यांना खपत नाहीत. कुणी तसं म्हटलं, की चष्म्यावरून बघत विचारतात, "कोण करणार?"

कामाचं वेळापत्रक कसं बसवायचं, यावर परवा बैठक झाली. आम्हाला संगणकावरचा झकपक तक्ता हवा होता. मॅडमनी भिंतीवर महिन्यांच्या रेघा मारल्या आणि प्रत्येक ठेकेदाराला आपापल्या कामाची चिठ्ठी स्वतःच लावायला सांगितली. पत्रेवाल्याची आणि वायरिंगवाल्याची भिंतीवरच्या एकाच जागेवरून जुंपली. मॅडमनी दोघांना चहा मागवला.

तेवढ्यात आमचे जनरल मॅनेजर आले. उद्घाटन दसऱ्याला, असं ते मालकांना सांगून बसले होते. मॅडमनी त्यांनाही चिठ्ठी दिली. त्यांनी ती दसऱ्यावर चिकटवली आणि मग त्यांचं लक्ष गेलं. छताची चिठ्ठी दिवाळीनंतर होती.

"छताशिवाय चालेल का हो?"

"चालेल की. पाहुण्यांना हेल्मेट देऊ," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले, साहेबही. त्यांनी आपल्याच हाताने चिठ्ठी काढून छताच्या पलीकडे लावली. संगणकाचं नाव मग कुणी काढलं नाही.

"बरं, मालकांना कळवलं जाईल," साहेब म्हणाले.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि आणखी एक कोरी चिठ्ठी पुढे केली.

"कोण कळवणार, ते लिहा."