सगुणावहिनींचा तारामासा

परळच्या गिरणीच्या कचेरीत निरोप आला आणि मी धावत गिरगावात पोचलो, तोवर वहिनींना स्मशानात नेलंही होतं. साथीचा ताप, कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. आता नातलग म्हणतात, त्यांच्याविषयी लिहायचंच असेल तर एवढं लिही, की बाई सोशीक होती, देवभोळी होती, कधी वर मान करून बोलली नाही... मी असं काही लिहिणार नाही. माझ्या थोरल्या भावाची ही बायको तरुणपणी विधवा झाली आणि त्यानंतर एक दिवसही मान खाली घालून वागली नाही.

आमचं घर मासे खाणारं, पण विधवेनं मासळीला हात लावायचा नाही असा दंडक. एकदा दारावर आलेल्या कोळणीच्या पाटीत जाळ्यातून आलेला एक तारामासा वळवळत होता. ती फेकायला निघाली, तर वहिनींनी पुढे होऊन तो ओंजळीत घेतला. काचेच्या बरणीत कोळणीकडून आणवलेलं समुद्राचं पाणी भरून तो ओसरीवर ठेवला. पाच बाहू, त्यांच्याखाली केसांएवढे बारीक पाय, त्यांच्या जोरावर काचेवर चढणारा. कोलंबीचा तुकडा टाकला की तो सावकाश त्याच्यावर येऊन बसे. काचेतून खालची बाजू स्पष्ट दिसे. तोंडातून पातळ पडद्यासारखं त्याचं पोटच बाहेर येई, त्या तुकड्याला लपेटून घेई आणि तिथेच, अंगाबाहेर, त्याला पचवी. मग पोट आत.

"भाऊजी, दात नाहीत, जबडा नाही," वहिनी म्हणाल्या, "पण उपाशी राहत नाही हो!"

गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. विधवेच्या ओसरीवर हसणं-खिदळणं ऐकू येऊ लागलं, तसा माझ्या वडिलांचा, दादांचा, पारा चढला. "घरात ही घाण राहील नाहीतर तू," ते म्हणाले.

"मी या घरची सून आहे, मामंजी. मी कुठेही जाणार नाही. आणि तोही जाणार नाही."

दादांनी बरणी उचलली आणि अंगणातल्या फरशीवर आपटली. काचा उडाल्या, तारामाशाचे दोन बाहू तुटले. वहिनी रडल्या नाहीत. काचांतून त्याला अलगद उचललं, परसातली दगडी कुंडी धुतली आणि कळशी घेऊन स्वतः चौपाटीवर गेल्या. भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. पाणी जुनं झालं की पुन्हा जात. लोक नाही नाही ते बोलले... त्या जातच राहिल्या.

काही आठवड्यांनी तुटल्या जागी कोंबासारखी दोन टोकं दिसू लागली. त्या दिवसांत मी दादांना परसात घुटमळताना पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. त्या सरळ बाहेर आल्या. "बघायचं असेल तर उघड बघा, मामंजी. चोरून कशाला?"  त्या दिवशी कुंडी ओसरीवर आली आणि दादांनी ती हलवायला सांगितली नाही.

मग साथ आली. गल्ली ओस पडू लागली, नातलग गावी चला म्हणत होते. घरची मोलकरीण आजारी पडली, तिला टाकून जायला वहिनी तयार होईनात. ती वाचली. वहिनींना ताप चढला.

दिवसकार्याला जमलेल्यांनी ठराव केल्यासारखं सांगितलं, की आता तो किडा समुद्रात टाकून द्या, बाईबरोबर तिचे चाळेही संपू देत. दादा जमिनीकडे बघत बसले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून माझी बायको गंगा बाहेर आली. लग्न होऊन आल्यापासून ती या माणसांसमोर कधी उभी राहिली नव्हती. कमरेवर रिकामी कळशी, पदर खोचलेला.

"कुठे निघालीस?" माझ्या काकांनी दरडावलं.

"चौपाटीवर," ती म्हणाली. "पाणी बदलायचंय."

आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत ती पायऱ्या उतरली.