दोन फडकी

नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या उपकेंद्रात आधी शिक्का आला, औषधं मागाहून. रेणापूरकडच्या त्या गावात मी नर्स होते. रिकामी असले की जुन्या नोंदवहीत पानापानावर आधीच्या जिल्ह्याचं नाव खोडून लातूर लिहीत बसायची.

प्रशिक्षणातले तीन शब्द मला तोंडपाठ होते: अल्प, मध्यम, अति. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव या तिघांत बसवायचा. रक्त किती जातं म्हटलं की बाया पदरात तोंड लपवत. म्हणून विचारायचं, दिवसात फडकी किती भिजली? दोन-तीन म्हणजे अल्प. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, हेही शिकवलं होतं. पण मी कामाचा उरक दाखवण्याच्या तोऱ्यात होते.

दुष्काळात टँकर चौथ्या दिवशी यायचा. एका घरी तीन दिवसांची पहिलटकरीण आत निजली होती. मी दारातूनच सासूला विचारलं.

"दोन फडकी झाली की, बाई. लई न्हाई."

मी ‘अल्प’ लिहिलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा धापा टाकत आला. जाऊन पाहते तर पोरीच्या ओठांत रंग नव्हता. तिच्याखाली पोतं, पोत्यावर राख. राखेचा पार चिखल झालेला.

"हे काय?"

"फडकी धुवायला पानी कुटं हाय, बाई? काल दोन भिजली, मग तुमी यायच्या आदीच राखंवर निजवलं. राख भिजली की उकिरड्यावर टाकतो."

"किती पाट्या टाकल्या?"

सासू बोटं मोजू लागली. एक हात संपला, ती दुसऱ्यावर गेली. मी तिच्यावरच ओरडले, आणि ओरडतानाच कळत होतं की म्हातारी खोटं काहीच बोलली नव्हती. मीच उंबरा ओलांडला नव्हता.

जीप मिळेस्तोवर दुपार झाली. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती सारखी पाणी मागत होती. लातूर यायच्या आतच मागायची थांबली.

संध्याकाळी नोंदवहीत मृत्यूचं कारण लिहिलं: अतिरक्तस्राव. वरच्याच ओळीत, कालच्या तारखेला, माझ्याच अक्षरात ‘अल्प’ होतं. जिल्ह्याचं नाव खोडत होते तसं तेही खोडता आलं असतं. पेन टेकवलंही होतं. नाही खोडलं.