वाट न अडवणारे पंच

बातमी मला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी घरातच होते, चहा गाळत होते. ह्यांनी हाक मारली नाही, काही नाही… खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मग फोन सुरू झाले, लखनौच्या रेल्वेतल्या मित्रांचे, जळगावच्या नातेवाइकांचे. सगळ्यांचं एकच, "श्रीकांतराव कधी कुणाच्या आड आले नाहीत." मी हो हो म्हणत राहिले. खरं सांगू? दर वेळी मला रागच येत होता.

हे रेल्वेत इंजिनीअर, पण जीव सगळा बेसबॉलच्या पंचगिरीत. लग्न होऊन मी अमरावतीहून लखनौला आले तेव्हा माझं हिंदी म्हणजे आनंदीआनंदच होता. शेजारणींशी बोलणार काय? मग रविवारी ह्यांच्याबरोबर मैदानावर जाऊन बसायची. एकदा एक रनर एका बेसवरून पुढच्या बेसकडे धावता धावता चेंडू टिपायला वाकलेल्या फील्डरवर आदळला. ह्यांनी रनरला आउट दिलं. त्याचे कोच तणतणत आले, "अरे, अपनी लाइन में तो दौड़ रहा था लड़का!" हे शांतपणे म्हणाले, "फील्डर गेंद उठा रहा हो, तो रास्ता उसका. रनर घूम के जाए." थोड्या वेळाने उलटंच झालं. चेंडू भलतीकडे आणि एक फील्डर उगाच रनरच्या वाटेत उभा. ह्यांनी रनरला पुढचा बेस, म्हणजे धावेचा पुढचा टप्पा, तसाच देऊन टाकला. घरी येताना मला म्हणाले, "कुंदा, हातात बॉल नसेल तर कुणाची वाट अडवायची नाही."

मैदानावर ठीक आहे हो, पण हा माणूस घरातही पंचच! रिटायर झाल्यावर गावाकडे जायचं नाही, लखनौतच राहायचं म्हणाले, तेव्हा मी चिडून बॅग भरली. वाटलं, आता तरी अडवतील. ह्यांनी रिक्षा बोलावली, बॅग ठेवली, वर वाटेत खायला केळी दिली. स्टेशनापर्यंत मी रडत गेले… केळी मात्र खाल्ली. आठवड्याने मुकाट्याने परतही आले. पुढे लेकीला, मृणालला, परदेशात नोकरी लागली. "बाबा, आप बोलोगे तो नहीं जाऊँगी," ती म्हणाली. "जा बेटा," एवढंच ह्यांचं उत्तर. तिला सोडून अमौसी विमानतळावरून परतताना मी टॅक्सीत भांडले, "अहो, एकदा थांब म्हणायला काय झालं होतं?" हे खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, "थांबली असती ना ती."

मृणाल पोचली त्या सकाळी ह्यांना न्यायचं ठरलं. चौघांनी उचललं, आणि मी जाऊन दारात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. ठरवून नाही… पाय तिकडे गेले. शेजारचे मिश्राजी हळूच म्हणाले, "भाभीजी, ज़रा रास्ता दीजिए." मी हलले नाही. नियम मला तोंडपाठ होता, हात रिकामे होते, तरी हलले नाही. कुणी तरी त्या माणसाला अडवायलाच हवं होतं. शेवटी मृणालने खांद्याला धरलं, "आई, जाने दो ना बाबा को." मी बाजूला झाले.

महिन्याभरात तिची सुट्टीही संपली. टॅक्सी खाली येऊन थांबली, तरी ती चपला घालून तशीच घुटमळत होती, माझ्या तोंडाकडे बघत. घर असं शांत होतं की तोंडून 'थांब' निघेल अशी मला भीती वाटली. मी तिची बॅग उचलली आणि तिच्या पुढे जिना उतरायला लागले.